विंगेतला बाप

३ ऑगस्ट, सोमवार

बिट्टीची निवड झाली! मोठं थिएटर, मोठं नाटक आणि त्यात आमची कन्या. वय वर्षं आठ. भूमिका कंदीलवाल्याच्या मुलीची. वाक्यं पाच. पण अख्खं नाटक त्या पाच वाक्यांवर उभं आहे, हे दिग्दर्शिकाबाईंच्या अजून लक्षात आलेलं नाही. येईल.

गुण कुणाचा घेतलाय ते उघडच आहे. कॉलेजात मी नाटकात होतो. बायको म्हणाली, तू पडदा ओढायचास. ओढायचो! तो वेळेवर ओढायलाही अंगात कला लागते.

लहान मुलांना स्टेजवर काम करायला सरकारी परवाना लागतो म्हणे. ते सगळं मी बघतो, असं जाहीर करून टाकलं. बाथरूम फिटिंगच्या शोरूममध्ये उभा जन्म गेला. ज्यांना बादलीच हवी असते त्यांना मी शॉवर विकतो. परवाना म्हणजे काय मोठं! आठवड्यात हातात.

५ ऑगस्ट, बुधवार

नियम वाचले. शोरूममध्ये, वॉश बेसिनांच्या आडोशाला बसून. मुलाने किती वेळ काम करायचं, मध्ये विश्रांती किती, घरी कधी सोडायचं. शाळा बुडवायची नाही. मुख्याध्यापिकांचं पत्र हवं, डॉक्टरांचा दाखला हवा. एवढं तर मंत्र्यांनाही कुणी जपत नसेल.

पण एक नियम फार आवडला. मुलाजवळ कायम एक जबाबदार मोठं माणूस हवं, म्हणजे सोबती. परक्या माणसाला त्यासाठी वेगळी मंजुरी घ्यावी लागते. आई-बापाला नाही! म्हणजे विंगेत मी. कायद्याने माझी जागा धरून ठेवलीय. लगेच घडीची खुर्ची आणि थर्मास आणला.

संकल्प : ढवळाढवळ करायची नाही. नुसतं हजर राहायचं.

७ ऑगस्ट, शुक्रवार

किरकोळ अडचण.

मुख्याध्यापिकांकडे पत्र मागायला गेलो, तर त्यांनी आधी विचारलं, बिट्टीचं पोट कसं आहे? झालं होतं असं, की निवडीच्या दिवशी शाळा होती. म्हणून मी पोटदुखी कळवली होती. वर डॉक्टरांचा दाखलाही जोडला होता, तीन दिवस विश्रांतीचा. निवडीला एक दिवस आणि तयारीला दोन. मी म्हणालो, पोट आता उत्तम आहे. त्या म्हणाल्या, मग तसं त्याच डॉक्टरांकडून लिहून आणा, पत्र लगेच देते.

गेलो. पोटदुखीचा दाखला डॉक्टरांनी नुसत्या माझ्या वर्णनावर दिला होता. वर्णन तसं होतंच प्रभावी. या वेळी मात्र त्यांनी बिट्टीला टेबलावर झोपवलं, पोट दाबलं आणि विचारलं, कुठे दुखत होतं ग बाळ? बिट्टीला गुदगुल्या झाल्या. हसत म्हणाली, मला काय माहीत, बाबाला विचारा.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तिला दाखला मिळाला, मला भाषण. ऐकून घेतलं. खरं म्हणजे चूक त्यांचीच. न तपासता दाखले देतात म्हणजे काय?

१४ ऑगस्ट, शुक्रवार

तालमी जोरात. मी विंगेत, खुर्चीत. संकल्प पाळतोय. एक शब्द बोलत नाही. फक्त बिट्टीचं वाक्य आलं की माझे ओठ हलतात. आणि हात. आणि एकदा खुर्ची पडली, पण ती खुर्चीची चूक.

‘बाबा, तो दिवा अजून जळतोय!’ या वाक्यात ‘अजून’वर जोर हवा, असं मी तिला घरी घोटून घोटून शिकवलंय. जेवताना, दात घासताना, अगदी बूट घालतानासुद्धा. आज तिने ते वाक्य म्हणताना दिव्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं. किती विश्वास आहे पोरीचा!

दिग्दर्शिकाबाईंनी मला जरा लांब बसायची विनंती केली. स्टेज पूर्ण दिसावं म्हणून असणार.

१९ ऑगस्ट, बुधवार

आता मी बाहेर पॅसेजमध्ये बसतो. तिथे कुणीतरी भरवशाचं हवंच होतं. दाराला बारीकशी फट आहे, त्यामुळे काम अडत नाही.

बिट्टी मात्र आज तीनदा चुकली. वाक्य यायच्या आधीच फटीकडे बघते. दिग्दर्शिकाबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, एकटी असते तेव्हा पोरगी सोन्यासारखं काम करते. पण असंच चुकत राहिली तर भूमिका बदली मुलीला द्यावी लागेल. ती मुलगी तयारच आहे. वाईट वाटून घेऊ नका म्हणाल्या.

मी कशाला वाईट वाटून घेऊ? अर्थ सरळ आहे. सराव कमी पडतोय. दुप्पट करतो.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

सराव दुप्पट केला. बिट्टीने ब्रश बेसिनमध्ये टाकला आणि बाथरूमची कडी लावून बसली. शोरूममधली सगळ्यात भक्कम कडी मीच आणून बसवली होती. उघडली नाही.

२५ ऑगस्ट, मंगळवार

परवाना खात्याच्या बाई घरी आल्या. मुलीशी एकटीशी बोलायचं असतं म्हणाल्या. नियम आहे. मी बिट्टीला उत्तरं पाठ करून दिली होती : मला नाटक आवडतं, अभ्यास होतो, बाबा जवळ असले की धीर येतो. दोघी आतल्या खोलीत बसल्या. मी सहज दाराशी उभा राहिलो. बायकोने नेमका तेव्हाच मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं. रिकामा मिक्सर कोण फिरवतं?

बाहेर येऊन बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणी मोठं माणूस आहे का? म्हटलं, बायकोला नोकरीमुळे जमणार नाही, माझी थोरली बहीण आहे. शाळेच्या बसमध्ये मुलं सांभाळायची, त्यामुळे असली मंजुरी तिच्याकडे आहेच. पण तिला नाटकातलं ओ की ठो कळत नाही. बसल्या जागी डुलकी काढते. बाई म्हणाल्या, वा! आणि ताईचा नंबर लिहून घेतला.

परवाना नक्की. माझी छाप पडली.

३१ ऑगस्ट, सोमवार

परवाना आला! शोरूममधल्या सगळ्यांना दाखवला. मग नीट वाचला.

सोबती म्हणून ताईचं नाव आहे. वडिलांनी विंगेत, मेकअपच्या खोलीत किंवा तालमीला थांबू नये, अशी अट आहे.

कारकुनी चूक. उद्या जाऊन दुरुस्त करून घेतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

बायकोला सांगितलं, चूक दुरुस्त करायला जातोय. ती म्हणाली, बस खाली. म्हणाली, ती अट बिट्टीने मागितलीय. त्या बाईंना तिने सांगितलं, मला नाटक खूप खूप करायचंय, फक्त बाबा नको. बाबाचे ओठ हलले की मी माझं वाक्य विसरते आणि मग बाबाचं तोंड एवढंसं होतं. त्याचं तोंड बघून मला रडू येतं.

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? बायको म्हणाली, सांगितलं की. कडी लावून.

यावर माझ्याकडे मुद्दे पुष्कळ होते. आता एकही आठवत नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

५ सप्टेंबर, शनिवार

पहिला प्रयोग. ताई सकाळीच येऊन बिट्टीला घेऊन गेली. जाताना म्हणाली, अरे, काळजी करू नकोस, मी काहीच करणार नाहीये. मी तिकीट काढून गेलो. शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे, लोकांसारखा लोक.

बिट्टी आली. दिवा बघितला आणि गप्प उभी राहिली. विसरली! मी अर्धा उठलो, तोंड उघडलं. शेजारच्या आजोबांनी माझा शर्ट धरून मला खाली बसवलं. तेवढ्यात ती दिव्याजवळ गेली, हळूच बोट लावून बघितलं आणि म्हणाली, बाबा, तो दिवा अजून जळतोय. ‘अजून’वर जोर नव्हता. कशावरच नव्हता. मला हुंदका आला, आजोबांनी रुमाल दिला.

सुटल्यावर ती धावत बाहेर आली. मला बघून थबकली. विचारलं, बाबा, तू आला होतास? आत? पूर्ण वेळ? म्हटलं, हो. ती म्हणाली, मला तू दिसलाच नाहीस! आणि इतकी खूश झाली की सगळ्यांसमोर गळ्यात पडली. एवढी खूश ती माझ्यावर कधी झाल्याचं आठवत नाही.

उद्याच्या प्रयोगाचं माझं तिकीट तिने स्वतः निवडलंय. तोच खांब.