जिन्यातली रोझरी

निजामपुरा, बडोदे

सायमनदादा,

बाबांच्या पुण्यतिथीला, घरात शांती नांदावी म्हणून तू जपमाळ हातात घेऊन रोझरी म्हणायला घेतलीस आणि माझ्या नवऱ्याला म्हणालास, "कुशल, तुम्ही बाहेर बसा. हे आम्हा ख्रिस्ती लोकांचं आहे." तो जिन्यात जाऊन बसला.

बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा दोन वर्षं रोज त्यांच्या उशाशी बसून त्यानेच त्यांच्यासोबत जपमाळ ओढली. तू फोनही करत नव्हतास.

आई उठून त्याच्याशेजारी पायरीवर टेकली. मीही माळ घेऊन गेले. आत तू एकटाच शांती मागत राहिलास आणि निघताना आईला म्हणालास, "तू घर फोडलंस."

हे पत्र आई पोस्टात टाकू देणार नाही. रोज पहिल्या दहा मण्यांची प्रार्थना ती तुझ्यासाठी म्हणते. कुशलही म्हणतो. मी तेवढा वेळ गप्प बसते.

अजून तरी तुझी बहीण,
रेजिना