दोन गोळ्यांची पारख

परतूर
१२ ऑगस्ट १९९६

चि. सौ. उमास रखमाजीमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सांगण्यावरून जालन्याच्या डॉक्टरांना पोट दाखवलं, त्याचा खरा खर्चा ऐक. फी चाळीस रुपये. ती काही न्हाई. पण दिवसभर दुकानाला कुलूप होतं आणि नेमका आष्टीचा एक शेतकरी बैलगाडीत विहिरीवरचं डिझेल इंजिन घालून आल्ता. कुलूप पाहून तो दुसऱ्या मिस्त्रीकडं गेला, आणि वीस वर्षांचं गिऱ्हाईक तिकडचंच झालं. छातीतली आग मला अशी महाग पडली.

डॉक्टरांनी पांढरी गोळी दिली, सकाळी एक, संध्याकाळी एक. वर दुर्बीण घालून पोट आतून पाहायची चिठ्ठी दिली. ती मी गल्ल्यात ठेवलीय. नळी गिळायचा शौक मला न्हाई. इथं मेडिकलवाल्या काकासाहेबानं मात्र गुलाबी गोळी दाखवली. नवी कंपनी, दुप्पट भाव. त्याचं म्हणणं, पांढरी आता मागं पडली.

मंग मी ठरवलं, आपल्या पद्धतीनं पारख करायची. दोन कंपन्यांचे डिझेल फवारायचे नोझल आले की मी एक बसवतो, इंजिन चालवून कान लावतो. मंग दुसरा बसवतो आणि पुन्हा ऐकतो. इंजिनातला ठोका थांबला की माल चांगला. हे मला कुणी शाळेत शिकवलं न्हाई, कापसाच्या जिनिंगमध्ये गठाणी वाहता वाहता तिथल्या इंजिनापाशी शिकलो. डोळे बांधा, कोणता माल कोणत्या कंपनीचा ते सांगीन. गोळ्यांचंही तसंच. एक आठवडा पांढरी, मंग गुलाबी.

जावईबापूंना रामराम. मामावरची माया कमी करू नको, आणि ही पद्धत तुझ्या डॉक्टरांना सांगू नको, त्यांचा धंदा बसायचा.

तुझा मामा,
रखमाजी


जालना
१८ ऑगस्ट १९९६

तीर्थरूप मामांस उमाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आम्ही दोघं हसलो आणि मग माझं हसू गेलं. मी दवाखान्याच्या औषध-खिडकीवर बसते. तुमच्यासारखी पारख करणारे रोज चार तरी भेटतात.

पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या पुष्कळ आहेत. रॅनिटिडीन आणि फॅमोटिडीन या बहिणी-बहिणी. एक दिली काय, दुसरी दिली काय, फार फरक पडत नाही. ओमेप्राझोल जरा वेगळ्या वाटेनं जाते, आम्लाचा नळच जवळजवळ बंद करते, आणि ती उपाशीपोटी घ्यावी लागते. पण यांतली कोणतीही गोळी आत जखम आहे की नाही हे सांगत नाही. आग थांबली म्हणजे जखम भरली असं नसतं, मामा. त्यासाठीच ती दुर्बिणीची चिठ्ठी आहे. ती गल्ल्यात ठेवून उपयोग नाही.

दुसरी कुठली गोळी चालू आहे का ते कळवा, दुखण्याची असली तरी. वजन उतरलंय का? आणि लाज न बाळगता सांगा, शौचाला काळं होतं का? तसं असेल तर त्याच दिवशी निघा.

मामीला नमस्कार. आशीर्वाद असावा, आणि या भाचीचं एकदा तरी ऐकावं.

आपली,
उमा


परतूर
६ सप्टेंबर १९९६

चि. सौ. उमास अनेक आशीर्वाद. वि. वि.

निकाल लागला. पांढरी घेतली तो सगळा आठवडा आग तशीच. रात्री उठून बसावं लागायचं. गुलाबी सुरू केली आणि चौथ्या दिवशी पोट बिलकुल गप. भजी खाऊन पाहिली, तरी गप. काकासाहेबाच्या दुकानात मी पेढे वाटले. तुमच्या बहिणी-बहिणी तुमच्या पुस्तकात, माझ्या पोटाला त्यांच्यातला फरक बराबर कळला.

आपले साडू बद्रीनाथ यांनीही माझ्या सांगण्यावरून गुलाबीच सुरू केलीय. त्यांचंही पोट जळत होतं. आणखी दोघं विचारून गेले. आता दुकानात इंजिनापेक्षा पोटाचीच गिऱ्हाइकं जास्त.

तुझ्या सवालांचं म्हणशील तर दुसरं औषध कसलंच न्हाई. वजन थोडं उतरलं, पण तुझ्या मामीनं तेलाचा हात आखडलाय. बाकी जे विचारलंस ते भाचीनं मामाला विचारायचं नसतं. दसरा होऊ दे. रब्बीची इंजिनं हातावेगळी झाली की नळीचं पाहू.

दोघांवर लोभ आहेच, तो वाढतच राहील.

तुझा मामा,
रखमाजी


परतूर
१९ सप्टेंबर १९९६

चि. उमास द्वारकामामीचा आशीर्वाद.

हे पत्र मी गुपचूप लिहून राह्यले. अक्षर वाकडं आहे, समजून घे. यांनी तुला दुसरं औषध न्हाई म्हणून लिहिलं. चार महिने झाले, गुडघ्याची लाल गोळी खातात. दिवसाला दोन, कधी तीन. इंजिनापाशी उकिडवं बसून गुडघे धरलेत. मी म्हणलं उमाला कळवा, तर म्हणाले ते काय औषध हाय, ते तर वंगण हाय, सांध्यात घालायचं. खरंच त्यांना ते औषध वाटत न्हाई, बाई. खोटं बोलायचं म्हणून बोलले न्हाईत.

आणि काळं होतंय. डांबरासारखं, चिकट. पंधरा दिवस तरी झाले. मी टोकलं तर म्हणतात, ग्रीसच्या हातानं जेवतो म्हणून. मी हात धुऊन ताट वाढते, मला ठावं हाय.

परवा बद्रीनाथ भावजींच्या विहिरीवर गेल्ते. इंजिन दुरुस्त केलं, बंद केलं. पट्टा उतरवून ठेवला. तरी हे म्हणत राह्यले, चालूच हाय, ठोका ऐकू येतो. भावजींनी चाकावर हात ठेवून दाखवलं, चाक थंड. मंग हे खाली बसले. तोंड कणकेसारखं पांढरं पडल्तं. घरी आल्यावरही ऐकू येतंय म्हणाले. उशी कानावर घेतली तरी. या माणसाचे कान आजवर चुकले न्हाईत, म्हणून मला जास्त भ्या वाटतंय.

काय करू ते जल्दी कळव. तुझ्या लेकराला माझा गोड पापा.

तुझी मामी,
द्वारकाबाई


जालना
२१ सप्टेंबर १९९६

ती. मामा आणि ती. मामी यांस नमस्कार.

हे पत्र रेल्वेत कामाला असलेल्या शेजारच्या गजाननभाऊंच्या हाती पाठवते आहे, म्हणून आजच मिळेल. मामीवर रागावू नका.

मामा, तुम्हाला ऐकू येतोय तो ठोका इंजिनाचा नाही, तुमच्या नाडीचा आहे. अंगातलं रक्त फार कमी झालं की असं होतं, असं डॉक्टरांनी मला आत्ताच सांगितलं. लाल गोळी आत्ता बंद, एकही नाही. मिळेल त्या पहिल्या गाडीनं निघा. चालत स्टेशनवर जाऊ नका. रक्त द्यावं लागेल, बद्रीनाथकाकांना जमत असेल तर त्यांना सोबत आणा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. मी स्टेशनवर उभी आहे. पुढच्या गाडीलाही उभी असेन.

उमा


जालना, दवाखाना
४ ऑक्टोबर १९९६

प्रिय बद्रीनाथराव यांस रखमाजीचा रामराम. वि. वि.

पलंगावर पडूनच लिहितोय, म्हणून अक्षर पाहून घाबरू नका. तुम्ही मला गाडीत बसवून दिलं ते आठवतं. मंग बदनापूरच्या माणसाची टोपी आठवते... न्हाई, बदनापूर तर जालन्याच्या पुढं लागतं, डोकं फिरल्तं. जालन्याच्या फलाटावर पडलो. उमानं आणि हमालांनी उचललं. चार बाटल्या रक्त चढवलं. त्यातली एक जावईबापूंची.

दुर्बीण घातली. जठरात रुपयाएवढी जखम निघाली. लाल गोळीनं पाडलेली. डॉक्टर म्हणाले, जखमेतून रक्त झिरपायला लागलं की कधी कधी आग शांत होते, रक्तानं आम्ल निवतं. म्हणजे मी दुकानात पेढे वाटत होतो त्याच आठवड्यात आत रक्त सुरू झालं असावं. ठोका थांबला तो दुरुस्तीनं न्हाई. आता ओमेप्राझोल दिलीय, उपाशीपोटी. ती चांगली की वाईट, हे ठरवायचं काम मी डॉक्टरांवर सोडलंय.

मी हे पत्र माझ्यासाठी लिहून राह्यलो न्हाई. तुम्हीही कंबरेसाठी तीच लाल गोळी खाता, काकासाहेबाकडूनच. आणि वर माझ्या शब्दावर गुलाबी. तुमचंही पोट आता गप आहे, असं तुम्ही गाडी सुटताना मला सांगितलं. मला ते ऐकून बरं वाटल्तं. आता त्याच वाक्यानं झोप लागत न्हाई. लाल गोळी टाकून द्या. उद्या सकाळी शौचाला गेलात की नीट पाहा, आणि काळं असलं तर दुकान, शेत, पाहुणे काही पाहू नका, निघून या. पलंग इथं शेजारचाच रिकामा आहे. दुकानात गुलाबीचं विचारून गेलेले ते दोघं तुमच्या ओळखीचेच, त्यांच्याही घरी जाऊन सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

द्वारकाबाई बऱ्या आहेत, माझ्याशी कमी बोलतात. आपला स्नेह आहे तसा राहो, आणि पत्राची वाट न पाहता माणूस यावा.

तुमचा,
रखमाजी

ता. क. उमानं पिशवीतली दोन्ही पाकिटं शेजारी धरून मला वाचून दाखवली. पांढरीत रॅनिटिडीन आहे, दीडशे मिलिग्राम. गुलाबीतही रॅनिटिडीनच आहे, दीडशे मिलिग्राम.