पहिल्या फेरीतला जोड

३ फेब्रुवारी

ती. दादा,

नमस्कार आधी, सबबी मग. तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले, म्हणजे आत्तापर्यंत तू वहिनीला दोनदा तरी विचारलं असशील, "टिल्लीला दोन ओळी लिहायला काय होतं?" काही होत नाही. स्टुडिओत परीक्षेच्या अर्जांच्या फोटोंची गर्दी आहे. मान सरळ करा, कान दिसू द्या, हसू नका. सत्तेचाळीस वर्षांची घोडी झाले तरी लोकांच्या माना सरळ करण्यातच दिवस जातो.

बाकी ठीक. जिन्याला नवा रंग लागलाय, त्यामुळे सगळे कठड्याला हात न लावता सरळ रेषेत चढतात. वहिनीच्या गुडघ्याचं काय? तिला म्हणावं, माळ्यावरचे डबे तू काढत जा, ती नाही.

तू पाठवलेला जुन्या पार्टांचा डबा पोचला. त्यातला फुगून फुटलेला कपॅसिटर कॅमेऱ्याला लेन्स उलटी लावून, मोठा करून बघितला. वरचा पत्रा तीन ठिकाणी उलून वर आलाय आणि आतला कागद भाजल्यासारखा झालाय. एका रेझिस्टरवरचा तांबडा पट्टा तर जवळून अगदी गिलाव्याच्या भिंतीसारखा खडबडीत निघाला. नखाएवढ्या वस्तूपायी ही बाई अख्खा रविवार घालवते, म्हणून तू हसशील. हस.

आता त्या चित्राचं. फोटोंच्या प्रदर्शनात पहिलं आलेलं माझं चित्र मोठं करून बैठकीत लावायचंय, असं तू लिहिलंस. वर्तमानपत्रात तिकिटाएवढं छापलं होतं, त्यात काही कळलं नाही, असंही. दादा, ते एवढं काही खास नाही रे. आणि प्रिंट काढणाऱ्याचं मशीन बिघडलंय. त्यापेक्षा तांब्याच्या कॉइलचं पाठवते, रंग चांगला आलाय, वहिनीच्या पडद्यांना शोभेल. तेच लाव.

सोल्डरिंगचं सामान त्या टीव्हीवाल्याला देऊन टाकतो म्हणतोस. एवढी घाई कशाला?

तुझी,
टिल्ली

९ फेब्रुवारी

दादा,

मशीन बिघडलेलं नाही. ते खोटं होतं.

काल वहिनीचा फोन आला. म्हणाली, "ह्यांनी सगळं सामान देऊन टाकलं गं. परवा घरातल्या दिव्याची वायर तुटली, तर ती जोडायला माणूस बोलावला. मी म्हटलं, अहो, तुम्ही? तर म्हणाले, माझ्या हाताचा आता भरवसा नाही." फोन ठेवला. समोर गिऱ्हाईक मान सरळ करून बसलं होतं.

तुझ्या हाताला काही झालेलं नाही. हे मला माहीत आहे, चौदा महिन्यांपासून माहीत आहे. कसं, ते सांगते. मधे थांबले तर पुन्हा लिहायला धजणार नाही, म्हणून एका दमात सांगते.

गेल्याच्या आधीच्या डिसेंबरात वृद्धाश्रमाच्या लिफ्टचा सर्किट बोर्ड दुरुस्त करून तू बसवायला निघाला होतास आणि वाटेत माझ्याकडे उतरलास. तपासून पिशवी बंद केली की बोर्ड जागेवर बसेपर्यंत उघडायचा नाही, हा तुमच्या वर्कशॉपचा नियम. मी त्याचा फोटो काढायचा हट्ट धरला. तू म्हणालास, "घे, पण दाबू-बिबू नकोस. नुसता बघ." आणि आंघोळीला गेलास.

माझं एक चित्र म्हणजे चाळीसेक फोटो असतात, तुला ठाऊक आहे. दर फोटोला लेन्स केसभर पुढे सरकवायची आणि मग सगळे संगणकावर एकावर एक बसवायचे. अशी पहिली फेरी नीट झाली. तुझा सोल्डरचा जोड सुरेख होता, गोल, नितळ, कुठे खोट नाही. चित्र मात्र सपक दिसत होतं. मला वाटलं, बोर्ड जरा कलता केला तर उजेड खेळेल. म्हणून खालच्या काळ्या ठोकळ्याला, तू रिले म्हणतोस त्याला, खोडरबराचा टेकू दिला आणि वरून कोपरा अंगठ्यानं दाबला. टिक असा बारीक आवाज झाला. तू आतून विचारलंस, "झालं का गं?" मी म्हटलं, "झालंच."

मग मी दुसरी फेरी घेतली. जोडाभोवती आता एक केसाएवढी भेग होती आणि उजेड नेमका तिच्या कडेवर थांबत होता. मला ती सुंदर वाटली. लाज वाटते लिहायला, पण आधी सुंदर वाटली आणि ती काय आहे ते नंतर डोक्यात शिरलं. भेगाळलेला जोड आज चालतो आणि उद्या दगा देतो, हे लहानपणी तुझ्या शेजारी फतकल मारून बसून मीच शिकले होते.

तू डोकं पुसत बाहेर आलास आणि बोर्ड पिशवीत घातलास. तेव्हा बोलायला हवं होतं. तुझ्यासाठी दोन मिनिटांचं काम होतं, सोल्डर पुन्हा वितळवायचं. पण तू चिडला असतास, आणि एवढ्याशानं काय होतंय, अशी मी माझी समजूत घातली. तुला चहा दिला. तू तो पिऊन निघालास.

तीन आठवड्यांनी लिफ्ट अडकली. तिथे राहणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापक बाई दोन तास दोन मजल्यांच्या मधे अंधारात बसून होत्या. तुमच्या मालकांनी भिंगाखाली भेग पाहिली आणि म्हणाले, वय झालं, हात हलायला लागला. तीस वर्षांच्या बाकावरून उठवून तुला पार्सलच्या खिडकीत बसवलं. तू मला फोनवर हे सांगितलंस तेव्हा मी काय म्हटलं, आठवतं? "असू दे दादा, वयानुसार होतं असं." हे मी म्हटलं. माझ्याच तोंडानं.

बोर्ड बहिणीकडे उघडला होता, असं तू मालकांना एका शब्दानं सांगितलं नाहीस. मला पाठीशी घालायला नव्हे. माझं नाव तुझ्या मनातच आलं नाही. ते मला सगळ्यात जास्त लागतं.

आणि मी ते चित्र प्रदर्शनाला दिलं. परीक्षक त्या भेगेबद्दल पाच मिनिटं बोलले. मी मान हलवत ऐकत होते. तुला मी उद्घाटनाची तारीख चुकीची कळवली होती, मुद्दाम. तू आला असतास तर लांबूनच ओळखलं असतंस. स्वतःचा जोड ओळखायला तुला कितीसा वेळ लागतो? म्हणून प्रिंटही पाठवत नव्हते.

आज सकाळी तुमच्या वर्कशॉपमध्ये जाऊन आले. दोन्ही फेऱ्यांचे फोटो मालकांपुढे ठेवले, वेळेसकट. त्यांनी भिंग लावून दोन-तीनदा पाहिले. मग म्हणाले, "बाई, हे तुम्ही तेव्हाच का नाही आणलंत?" मी फोटो गोळा करायला लागले. तेव्हा म्हणाले, "बाक अजून रिकामा आहे. मी बोलतो त्यांच्याशी." पिशवी उघडली म्हणून तुला चार शब्द सुनावतील. तेही माझ्यामुळेच. पण त्यांच्या तोंडून कळण्याआधी हे माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र आजच टाकते आहे.

चित्र काढून घ्या म्हणून प्रदर्शनवाल्यांना लिहिलंय. कारणही लिहिलंय. वृद्धाश्रमात त्या बाईंना भेटायला जायचंय. पाय उचलत नाही, पण जाईन.

सोबत दोन फोटो आहेत. पहिल्या फेरीतला आजवर कुणाला दाखवला नव्हता. त्यात बघण्यासारखं काही नाही, असं मला वाटायचं. तो उजेडात धरून नीट बघ. तो तुझा हात आहे. दुसरा माझा.

टीव्हीवाल्याकडून सामान परत माग. रागाव, बोलू नकोस, दार उघडू नकोस, जे वाटेल ते कर. फक्त "असू दे टिल्ले" म्हणू नकोस. मी तुला ओळखते, तू म्हणशील. आणि तू तसं म्हणालास की मी लगेच निवांत होईन, जशी चौदा महिने होते.

माफी मागायचंही धाडस न होणारी,
टिल्ली