शांताचं शिफारसपत्र

सांगली, ३ फेब्रुवारी १९४७

माझी विद्यार्थिनी शांता हिच्या शिफारसपत्रावर प्राचार्यांनी आज सही केलीच नाही. मुंबईच्या प्रयोगशाळेत हिवतापावर संशोधन करायला मुलगी कशाला, म्हणे. शाळेत शिकवू दे. मलाही एकेकाळी हेच सांगितलं होतं आणि मी मुकाट्यानं ऐकलं. का ऐकलं?

संध्याकाळी तिचे वडील पलूसहून आले. लढाईवरून परतलेला माणूस. मला वाटलं, हेही नकोच म्हणणार. पण ते म्हणाले, "आवं बाई, बर्मात आमची माणसं गोळीपरास हिवतापानंच लय गेली. पोरीला जाऊ द्या."

मग पत्र मीच लिहिलं, खाली माझी सही केली आणि पोस्टाच्या पेटीत टाकून आले. उद्या प्राचार्यांना तोंडावर सांगणार आहे. नोकरी जाईल? गेली तर गेली.