पाच नारळांचं तोरण

प्रिय माय,

काल मी राजिमले जाऊन आली. तळपाय अजून भाजल्यासारखे आहेत आणि कमरेचं तर विचारूच नको. तरी आज सकाळी कागद घेऊन बसली, कारण येत्या गुरुवारी तुझं वर्षश्राद्ध आहे आणि दादा पुण्याहून येऊन राहिला. तो यायच्या आत तुले एक गोष्ट सांगायची आहे. आधी तुले, मग त्याले. अक्षराले हसू नको. माझी सारी शाळा इथे छत्तीसगढात, हिंदीत झाली. मराठी तू कॅलेंडरच्या मागची पानं वाचायले लावून शिकवली, तेवढीच.

तर ऐक. मागच्या उन्हाळ्यात एका बुधवारी मी तुले म्हटलं होतं ना, ऑफिसच्या कामानं अभनपूरले जाऊन राहिली म्हणून? खोटं होतं ते. मी रजा टाकली होती. घरकामाले येणाऱ्या बिसाहिन दीदीले दिवसभर तुझ्याजवळ बसवलं आणि निघाली. अभनपूर आलं, मी उतरली नाही. तशीच पुढे राजिमले गेली, नदीच्या रेतीतून चालत पात्राच्या मधातल्या कुलेश्वर महादेवाच्या देवळात चढली आणि पिंडीपुढे हात जोडून म्हटलं, "महादेवा, माझ्या मायले सोडव. पाच नारळांचं तोरण बांधीन."

सोडव म्हणजे काय, ते त्याले बरोबर समजलं. तीन आठवडेही झाले नाहीत आणि तू गेली.

आता तूच सांग, मी तोरण काहून बोलली? दुसरं काही सुचलंच नाही! सवय तुझी. दादा पास झाला, तोरण. बाबाची बिलासपूरची बदली थांबली, तोरण. मले नोकरी लागली, तोरण. सुतळीत नारळ बांधायचे, मधे आंब्याची पानं खोचायची आणि देवाच्या दाराले लटकवायचं. इथले लोक असं करत नाहीत, ते पाहत उभे राहायचे, पण तू आर्वीहून हे घेऊन आली ते पन्नास वर्षं सोडलं नाही. आनंदाचं असते ना वो तोरण? आईच्या मरणाचं तोरण कोणी बांधते काय? मी मात्र बोलून बसली.

बरं, पावलेला नवस वर्षाबाहेर जाऊ देऊ नये, हेही तुझंच. आणि घरात माणूस गेलं की वर्षभर सण नाही, तोरण नाही, हेही तुझंच. दोन्ही तुझंच! मी मधात अडकली. विचारू कोणाले? विचारलं की लोक म्हणतील, नवस कशाचा?

तेरवीच्या गुरुजींले एकदा विचारून पाहिलं. म्हटलं, ओळखीच्या एका बाईचं आहे, तिची अशी अशी अडचण आहे. ते म्हणाले, नवस फेडाले हरकत नाही, पण कशाचा आहे ते समजलं तर नीट सांगता येईल. मी म्हटलं, नोकरीचा आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, मग फेडू द्या. चोपन्न वर्षांची बाई मी, गुरुजींसमोर पोट्टीसारखी खोटं बोलली.

तसं पाहिलं तर राजिम तुले दाखवायचं होतं. किती वर्षं तू म्हणायची, माघातल्या पुन्नी मेल्याले, पौर्णिमेच्या जत्रेले, ने मले, तीन नद्या एका जागी पाहायच्या आहेत. दर वर्षी मी म्हणायची, पुढच्या रविवारी. कधी ऑडिट, कधी पाहुणे, कधी नुसताच कंटाळा. मग तू न्हाणीत पडली, कंबरेचं हाड मोडलं आणि पाच वर्षं त्या पलंगावरून उठली नाही. पंचेचाळीस किलोमीटर, माय! मी तुले नेलं नाही. गेली तेव्हा तुझं मरण मागाले गेली.

आता थोडं तुलेही बोलू दे. दादाचा व्हिडिओवाला फोन आला की तू कशी बदलून जायची! "केस विंचरून दे व, पोट्टा पाहील ना." उशीले टेकून बसायची, आवाज गोड करायची, माझं सारं बेस हाये बाप्पा, तू तब्येतीले जप. फोन ठेवला की माझ्याकडे तोंड फिरवून विचारायची, चहा थंडा काहून आहे? पाच वर्षांत मी केलेला चहा एकदाही बरोबर झाला नाही, होय ना? आता राग नाही. तेव्हा यायचा, लय यायचा.

दादाले मी दोष देत नाही. त्याची नोकरी तिकडे, संसार तिकडे. त्यानं तुझ्यासाठी पुण्याले जप बसवला होता, आईले शंभर वर्षं मिळोत म्हणून. मले फोनवर किती आनंदानं सांगितलं त्यानं. मी तेव्हा तुझी चादर पिळत होती, फोन खांद्यात धरलेला. म्हटलं, बरं केलं. फोन ठेवून मी हिशोब केला, शंभर म्हणजे अजून एकोणीस. मी मोरीतच खाली बसली.

तू गेल्यावर सगळे म्हणाले, सुमे, आता आराम कर. करून राहिली! वर्ष होत आलं, थकवा काही उतरत नाही. मालधक्क्याकडून ट्रक गेला की तुझा पलंग हलायचा आणि तू कण्हायची, म्हणून मी पळत यायची. पलंग कधीचा देऊन टाकला, पण ट्रक गेला की मी अजून भाजी टाकून उठते. मग रिकाम्या खोलीत उभी राहते आणि परत येते.

तर काल गेली. घरूनच सुतळीत बांधलेले पाच नारळ पिशवीत, पिशवी मांडीवर, बसमध्ये गर्दी. नवापाऱ्याले उतरून पूल ओलांडला आणि देवळासाठी पात्रात उतरली. नदीत पाणी नव्हतंच. तीन नद्यांची मिळून एक रेती, आणि मधे कुठे कुठे डबकं. तू पाहिलं असतं तर म्हटलं असतं, हेच पाहाले मी जीव टाकून राहिली होती काय! चप्पल हातात घ्यावी तर पाय भाजते, पायात घालावी तर रेतीत रुतते. अर्ध्या रस्त्यात मी पिशवी खाली ठेवून उभी राहिली. वाटलं, नारळ इथंच ठेवून परत जावं. कोणाले समजते? पण परत जायचं तेवढंच चालणं होतं, म्हणून पुढे गेली.

देवळात गर्दी नव्हती. म्हातारा पुजारी आत उडून आलेली रेती झाडत होता. तोरण पाहून त्यानं विचारलं, ही माळ आहे का. मी म्हटलं, मन्नतचं आहे. कशाची मन्नत, त्यानं सहज विचारलं. सगळ्यांले विचारत असेल. मी बाहेर पिंपळाखाली जाऊन बसली. बरीच बसली. त्यानं लोट्यात पाणी आणून दिलं आणि काही न विचारता आपल्या कामाले लागला. न विचारल्यामुळेच सांगावं वाटलं असेल.

माझ्या मनात होतं की सांगावं, आई फार त्रासात होती, तिची सुटका मागितली. साऱ्या जगाले हेच सांगता येते, कोणी वाईट म्हणत नाही. पण त्याच्यासमोर उभी राहिली आणि भलतंच निघालं.

"महाराज, मैंने भगवान से छुट्टी माँगी थी. माँ से."

तो हसला नाही, रागावलाही नाही. झाडू भिंतीले टेकवला आणि आपल्या छत्तीसगढीत म्हणाला, "जेन सेवा करथे, तेन छुट्टी मांगथे, बाई. लंबा उमर तो दुरिहा वाला मन मांगथें."

जो सेवा करतो तोच सुटी मागतो. लांब आयुष्य तर दूरचे मागतात. इतकं साधं बोलला तो! मी तिथेच उभ्या उभ्या रडली, माय, तुझ्या तेरवीले रडली नाही इतकी.

मग तोरण बांधाले घेतलं तर काही जमेना. एक टोक धरलं की दुसरं सुटते, पाच नारळांचं वजन काही कमी नसते. तोरण एकट्यानं बांधता येत नाही, हे मले काल समजलं. आजपर्यंत दुसरं टोक तू धरायची, म्हणून समजायचं काम पडलं नाही. शेवटी पुजाऱ्यानंच धरलं. बाजूच्या खांबाले त्यानं गाठ मारली, इकडे मी मारली. तिरपं झालं. तुले चाललं नसतं. मी नमस्कार केला आणि निघाली.

इथे पत्र संपवलं असतं तर बरं होतं. बसमध्ये बसली तेव्हा हलकं वाटलंही. पण अभनपूर येईपर्यंत समजलं की पुजाऱ्याले मी सारं सांगितलंच नव्हतं. त्यानं माफी दिली ती थकलेल्या बाईले दिली. थकलेली तर मी त्याआधी चार वर्षंही होती. मग त्या बुधवारीच काहून गेली? ते त्याले माहीत नाही. तुले माहीत आहे.

आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी, तुझ्या पाठीच्या जखमा पुसून, नवी चादर घालून मी उठली होती. ऑफिसले उशीर झाला होता. तेवढ्यात तू परत चादर भरवली. मी ओरडली. काय ओरडली ते तू ऐकलं आहे, मी लिहीत नाही. ओरडता ओरडता माझा हात वर गेला, आणि तू डोळे मिटून तोंडावर हात आडवा धरला. माझी माय मले भ्याली.

तुझ्या डोक्याशी खुंटीवर ओला टॉवेल होता. मी तो ओढला आणि तुझे पाय पुसाले लागली. हात टॉवेलसाठीच वर गेला होता, असं मी वर्षभर मनाले सांगून राहिली. आज तुले लिहायले बसली, "मी तुले कधीच मारलं नसतं." दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. वर पाहा, शाईचा डाग आहे. मले खात्री नव्हती, माय. मले माझीच भीती वाटली, म्हणून मी महादेवाकडे गेली. तुझी सुटका, माझी सुटका, हे सारं नंतरचं. आधी ती भीती होती.

गुरुवारी लोक जमतील. दादा सगळ्यांसमोर म्हणेल, सुमीनं केली तशी सेवा कोणी केली नसती. तेरवीले मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं होतं. आता नाही ऐकणार. त्याले आत बोलावीन, नवसाचं सांगीन, मंगळवारचंही सांगीन. तो रागावला तर रागावू दे, बोलणं टाकलं तर टाकू दे. तुझ्या नावाचं पान वाढायच्या आत सांगीन, हा शब्द तुले देते.

तू फक्त तोंडावरचा तो हात खाली घे व माय. कोणी मारत नाही. मी आहे.

तुझी,
सुमी