विहिणीला घातलेल्या शिव्या

आये, तुझं गाणं काढून टाकलं. कुणी काढलं ते विचारू नकोस, कारण ते कुणा माणसाने काढलेलंच नाही. माझ्या लग्नात वरात दारात आल्यावर तू माझ्या सासूला गाण्यातून ज्या शिव्या घातल्या होत्यास, त्याचा व्हिडिओ मी इंटरनेटवर माझ्या खात्यात ठेवला होता. ज्या फोनवर तो काढला तो कधीच भंगारात गेला, तूही त्याच वर्षी गेलीस, आणि तुझा आवाज जगात तेवढ्या एका ठिकाणी उरला होता. तिथं ठेवलं म्हणजे जन्माचं राहिलं, अशी आपली माझी समजूत. मध्यंतरी बोईसरला कंपनीत जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला, तर खातं बंद आणि व्हिडिओ गायब. कारण दिलं होतं, हिंसेची धमकी. मी डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला.

तो व्हिडिओ मला पाठ आहे. सातपाटीचं आपलं अंगण, मांडवाखाली बायका दाटीवाटीनं बसल्यात. तू मधोमध, नवी साडी नेसून, पण पदर मासळीच्या बाजारात खोचतेस तसाच खोचलेला. विहीण मांडवात पाऊल टाकते आणि तू सुरू करतेस, "इहीण आली मांडवान, हिला विळीवर चिरा, मीठ लावून उनान वलांडीवर पसरा." म्हणजे बाईला बोंबलासारखं बांबूवर वाळत घालायचं! पुढं तू तिच्या नाकापासून तिच्या चालीपर्यंत काहीच सोडत नाहीस. बायका हसून एकमेकींच्या अंगावर पडतात. मग गाणं संपतं आणि तू उठतेस, तिच्या केसात गजरा माळतेस, तिच्या तोंडात साखर घालतेस आणि विचारतेस, "लागलं का गो बाय?" ती "नाय लागलं" म्हणेपर्यंत आपल्याकडे पंगत बसत नाही. मी लहान असताना अशाच एका लग्नात एक विहीण खरोखर रडली होती. भात निवत होता, पुरुष ओरडत होते, आणि तू तिच्याशेजारी मांडी ठोकून बसलीस. "जिला बोललो तिला इचारल्याबिगर उठायचं नाय," म्हणालीस. ती हसली तेव्हाच पानं मांडली गेली.

इतकी वर्षं तिथल्या यंत्राला मराठी कळत नव्हतं, तोवर तू सुखरूप होतीस. आता म्हणे त्याला थोडं थोडं कळायला लागलंय. चिरा कळलं, मीठ कळलं, लग्न काही कळलं नाही. आणि मी शहाणी, व्हिडिओला नाव काय दिलं होतं, तर 'आईनं माझ्या सासूला घातलेल्या शिव्या'. आपल्याकडच्या कुणालाही ते वाचून हसूच आलं असतं. मी फेरविचाराचा अर्ज केला. चहा निवायच्या आत उत्तर आलं, की आम्ही काळजीपूर्वक पाहिलं आहे, निर्णय कायम आहे. कोणती ओळ खटकली, कुणी पाहिलं, कुणी तक्रार केली होती का, यातलं एक अक्षर नाही. पालघरला सरकारी कचेरीत गेलं तर निदान खिडकीतला माणूस खेकसतो तरी. इथं भांडायला समोर कुणीच नव्हतं, आये. मला इतकं रडू आलं की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

तुझी विहीण अजून ठणठणीत आहे, आमच्यासोबत बोईसरलाच असते. तिला सांगितलं तर आधी हसली, मग पेटली. "धमकी मला दिली ना? मंग मला इचारा! आमी मेलो का?" दुसऱ्या दिवशी सकाळीच चापूनचोपून लुगडं नेसून, केसात फूल घालून माझ्या फोनपुढे बसली. "मी ती इहीण. मी जिती हाय. माजी इहीण माज्यावर गायली, मना काय पन लागलं नाय. तिचं गानं परत द्या." हात जोडून उठली. मी ते पाठवायला गेले तर पाठवायची सोयच नव्हती. माझा अर्ज एकदा झाला होता, दुसरा करता येत नव्हता. तिला हे कसं सांगू? रोज संध्याकाळी मी कंपनीतून आले की ती दारातच विचारते, "बोलावलं का गो त्यांनी मला?" मी म्हणते, अजून नाही.

शेवटी स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेले. तो पोरगा उत्तरेकडचा, सगळ्यांची बंद खाती उघडून देतो म्हणतात. त्यानं फोन बघितला आणि म्हणाला, "दीदी, इसमें लड़ने का नहीं. गलती मान लो, पहली बार माफ कर देते हैं." पडद्यावर तसं एक बटण होतंच. त्यावर लिहिलं होतं, 'माझ्याकडून धमकी देणारा मजकूर ठेवला गेला हे मला मान्य आहे, पुन्हा असं होणार नाही.' मी म्हटलं, अरे, पण धमकी नाहीच ती, माझी आई गातेय. तो बिचारा म्हणाला, "वो मैं समझ रहा हूँ ना दीदी, मशीन नहीं समझेगा." एकच वाटत होतं, तुझा आवाज परत यावा, मग काय लिहून घ्यायचं ते घ्या. मी बटण दाबलं.

खातं लगेच उघडलं. माझ्या साड्यांचे फोटो आले, पोरांचे वाढदिवसाचे केक आले, कुणाकुणाच्या शुभेच्छा आल्या. तुझी जागा रिकामी. गुन्हा मान्य झालेला मजकूर परत देत नसतात म्हणे. दुकानातल्या पोराला तरी ते कुठे ठाऊक होतं.

आता हे लिहितेय ते कुणाला दाखवायचं नाही, कुठे ठेवायचं नाही. लिहून झालं की चुलीत घालीन. आये, तुला न विचारता तुझा गुन्हा मीच कबूल करून आले. तुझ्या विहिणीला हे अजून सांगितलेलं नाही. ती आजही फूल घालून बसली आहे.