भुवयांचा होकार

स्प्रिंगडेल, आर्कान्सा
सोमवार, ११ मार्च

प्रिय लिजोन मावशीस,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना याक्वे. इथल्या चर्चमधला आंजाइन शनिवारी तुमच्या बेटावर, माजुरोला निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र देते आहे. तू पाठवलेली खारवलेली मासळी पोचली. आईने निम्मी पहिल्याच दिवशी संपवली. म्हणाली, पाय गेला तरी तोंड शाबूत आहे. तिची थट्टा अजून सुटलेली नाही.

परवा फोनवर तू विचारलंस, "पोरी, दुखतंय का म्हणून तिला कुणी विचारलंच नाही का गं?" मी फोन बंद केला. तुला वाटलं, फोन तुटला.

विचारलं होतं, मावशी. पायाच्या अंगठ्याच्या जखमेपायी तिला दवाखान्यात ठेवलं, त्या दिवशी नर्स तीनदा येऊन विचारून गेली. आईने तिन्ही वेळा भुवया वर केल्या. आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा त्याला 'हो' समजतं. नर्सला वाटलं, बाई नुसतीच बघते आहे. तिने 'तक्रार नाही' असं लिहून टाकलं. मी कोंबडीच्या कारखान्यात पाळीवर होते. संध्याकाळी गेले तर पाऊल काळं पडलेलं. पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

चर्चमध्ये सगळे त्या नर्सच्या नावाने बोटं मोडतात. आपण तक्रार करू, असं पाद्री म्हणाले. मीही मान डोलावली.

आता लिहूनच टाकते. भरती करतानाचा कागद मी भरला होता. घरी कोणती भाषा बोलता? मी लिहिलं, इंग्रजी. रुग्णाला इंग्रजी कितपत येतं? खाली चार चौकोन होते. शेवटचा होता 'अजिबात नाही'. मी पहिल्यावर खूण केली, 'फार चांगलं'.

दुभाषा हवा म्हटलं की दोन-दोन तास ताटकळत ठेवतात, आणि माझी कामाची पाळी बुडाली असती. पण तेवढंच कारण नव्हतं. खिडकीतली बाई आम्हाला बघून शेजारणीला म्हणाली, "ही आणखी एक." तिला वाटलं असेल, आम्हाला कळत नाही. मला आईची लाज वाटली, मावशी. ज्या बाईने मला बोलायला शिकवलं, तिची.

काल तिची पट्टी बदलत होते. ती म्हणाली, "नेइमोन, तू त्यांना सांगितलं होतंस ना, मला इंग्रजी येत नाही म्हणून?"

मी भुवया वर केल्या.

तिने माझा हात थोपटला. "मग त्यांचीच चूक," म्हणाली, आणि भात मागितला.

तुला जे म्हणायचं ते लिहून, आंजाइन परत येताना त्याच्या हाती पाठव. फोनवर यातलं अवाक्षर काढू नकोस. फोन तिच्या उशाशी असतो.

अजून म्हणत असलीस, तर तुझीच लेक,
नेइमोन